पाणबुड्याची परतीची वाट

१९७६ साली इटलीतील एल्बा बेटाजवळ झाक मायोल या फ्रेंच पाणबुड्याने वजनाच्या साहाय्याने, एका श्वासावर १०० मीटर खोली गाठली. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे तेथे तो ११ वातावरणे होता. परंतु अशा बुडीत खरी भीती असते ती वर येताना. ती कशी, ते पाहू.

समजा, ३० मीटर खोलीवर फुप्फुसांतील हवेत ६ टक्के ऑक्सिजन उरला आहे. तेथील एकूण दाब ४ वातावरणे. म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२४. आपल्या भोवतालच्या हवेत तो ०.२१ असतो! पाणबुड्याला काहीच जाणवत नाही. पृष्ठभागाजवळ मात्र तोच दाब ०.०६ पर्यंत उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपते.

म्हणूनच या खेळाचे प्रशिक्षक प्रथम शिकवतात : एकट्याने बुडी मारू नये. जोडीदार परतीच्या वाटेवर भेटतो, सोबत वर येतो, नंतरही नजर ठेवतो. बुडीपूर्वी भराभर श्वास घेणेही वर्ज्य असते. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते.

विहिरीत दम धरण्याची पैज लावण्यापूर्वी हे जरूर आठवा.