विश्लेषण : अर्थव्यवस्थेला निसर्गाची चौकट आखणारे हर्मन डेली कोण होते?

जीडीपी वाढला की देशाची भरभराट झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण ही वाढ ज्या निसर्गाच्या जोरावर होते, तो वाढत नाही, त्याचे काय? अमेरिकी अर्थतज्ज्ञ हर्मन डेली अर्धशतकभर हा प्रश्न विचारत राहिले.

हर्मन डेली कोण?

डेली यांचा जन्म १९३८ चा, टेक्सासमधील ह्यूस्टनचा. बालपणी पोलिओ झाला आणि किशोरवयात डावा हात काढून टाकावा लागला. काही गोष्टी अशक्यच असतात हे मान्य करून उरलेल्या शक्तीचा उपयोग करावा, हा धडा तेव्हाच मिळाल्याचे ते सांगत. व्हँडरबिल्ट विद्यापीठात निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांच्याकडे ते शिकले. १९७७ मध्ये त्यांचे ‘स्टेडी-स्टेट इकॉनॉमिक्स’ प्रसिद्ध झाले. १९८८ ते १९९४ या काळात ते जागतिक बँकेत होते. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

जागतिक बँकेत काय घडले?

बँकेचा १९९२ चा जागतिक विकास अहवाल पर्यावरणावर होता. त्याच्या मसुद्यातील आकृतीत ‘अर्थव्यवस्था’ नावाचा चौकोन, एक आत येणारा बाण आणि एक बाहेर जाणारा बाण, एवढेच होते. या चौकोनाभोवती मोठी चौकट काढून तिला ‘पर्यावरण’ म्हणा, असे डेली यांनी सुचवले. पुढच्या मसुद्यात चौकट आली, पण नावाविना. जणू चित्राची फ्रेम. त्यांनी पुन्हा हरकत घेतली, तेव्हा आकृतीच वगळण्यात आली. हा किस्सा डेली यांनीच लिहून ठेवला आहे. कारण चौकट मान्य केली की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : आतला चौकोन किती मोठा होऊ शकतो?

त्यांचा सिद्धांत काय?

डेली मासेमारीचे उदाहरण देत. पूर्वी किती मासळी मिळणार हे होड्यांच्या संख्येवर ठरे. आता ते समुद्रात उरलेल्या माशांवर ठरते. मासेच नसतील तर होड्या वाढवून उपयोग नाही. म्हणजेच यंत्रे आणि भांडवल निसर्गाची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांनी तीन नियम मांडले. जंगल, मासळी यांसारखी संसाधने जितकी पुन्हा निर्माण होतात तितकीच वापरावीत. कोळसा, तेल यांचा वापर पर्याय उभे राहण्याच्या वेगापेक्षा जास्त नसावा. आणि निसर्ग पचवू शकेल इतकाच कचरा सोडावा. ज्या वाढीचे तोटे फायद्यांपेक्षा अधिक, तिला ते ‘अनार्थिक वाढ’ म्हणत.

आक्षेप कोणते?

तंत्रज्ञान टंचाईवर मात करते, असे मुख्य प्रवाहातील अर्थतज्ज्ञांचे म्हणणे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : वाढ थांबली तर गरिबांनी काय करायचे? गरीब देशांना वाढ हवीच, पण त्यांच्यासाठी श्रीमंत देशांनी जागा सोडावी, असे डेली यांचे उत्तर होते. श्रीमंत देशांना यासाठी राजी कसे करायचे, हा पेच मात्र कायम आहे.

आज महत्त्व काय?

ब्रिटनच्या अर्थ मंत्रालयासाठी पार्थ दासगुप्ता यांनी तयार केलेला जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरील अहवाल २०२१ मध्ये आला. अर्थव्यवस्था निसर्गाच्या बाहेर नव्हे, तर त्याच्या आत आहे, हे त्याचे मुख्य सूत्र. दासगुप्ता मुख्य प्रवाहातलेच. म्हणजे डेली यांची चौकट आता सरकारी अहवालात आली आहे. प्रगती मोजण्याचे प्रमुख माप मात्र अजूनही जीडीपीच आहे.