रक्ताचा नमुना दिला, माहिती कुठे ठेवली?

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक निवेदन काढले. महाराष्ट्रातून आलेल्या कोरोना नमुन्यांपैकी १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूची दोन वेगळी उत्परिवर्तने दिसत असल्याचे त्यात म्हटले होते. याच कुळातून पुढे डेल्टा आला. अमरावती आणि विदर्भात रुग्ण वाढायला लागले ते फेब्रुवारीत, आणि या कुळाचे सर्वांत जुने ज्ञात नमुने आहेत ऑक्टोबर २०२० मधले. पुढच्याच महिन्यात देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर आवाहन केले. सरकारकडे जमा झालेली चाचण्यांची आणि रुग्णांची तपशीलवार माहिती संशोधकांना अभ्यासासाठी खुली करा, अशी त्यांची मागणी होती.

माहिती वेळेवर खुली झाली तर काय होते, हे त्याच साथीत जगाने पाहिले. जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात चिनी शास्त्रज्ञांनी टिपलेला विषाणूचा जनुकीय क्रम इंटरनेटवर आला. त्याच्या आधारे तयार झालेली पहिली प्रायोगिक लस १६ मार्चला अमेरिकेत स्वयंसेवकाला टोचण्यात आली. विषाणू प्रत्यक्ष हाती येण्याची वाट न पाहता लसीचे काम सुरू झाले, ते खुल्या माहितीमुळे.

एरवी संशोधनाची माहिती राहते कुठे? बऱ्याचदा प्रयोगशाळेतल्या एखाद्या संगणकावर किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कवर. प्रकल्प संपतो, विद्यार्थी परदेशी जातो, डिस्क बिघडते. शोधनिबंध छापलेला असतो, पण ज्या आकड्यांवर तो उभा आहे ते कुणाला सापडत नाहीत. सरकारी पैशातून, रुग्णांच्या सहकार्याने जमवलेली माहिती अशी एकदाच वापरून संपते.

जनुकीय माहितीसाठी जगात तीन मोठी कोठारे आहेत : अमेरिकेतील जेनबँक, युरोपची ब्रिटनमधील संस्था आणि जपानची डीडीबीजे. ही तिन्ही आपापसांत माहितीची नियमित देवाणघेवाण करतात. भारतीय शास्त्रज्ञही वर्षानुवर्षे तिथेच माहिती जमा करत आले. देशात स्वतःचे राष्ट्रीय कोठार उभे राहिले ते १० नोव्हेंबर २०२२ रोजी. फरीदाबादच्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीमध्ये ‘इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर’ सुरू झाले. सुरुवातीची साठवण क्षमता सुमारे चार पेटाबाइट, म्हणजे ४० लाख जीबी. १२८ जीबीचे ३१ हजार मोबाइल भरतील इतकी. फरीदाबादला काही अघटित घडले तर माहिती वाचावी म्हणून तिची प्रत भुवनेश्वरला ठेवण्याची सोय आहे. सरकारी निधीतून झालेल्या जीवशास्त्रीय संशोधनाची माहिती इथे यावी, ही अपेक्षा. त्याआधी २०२१ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘बायोटेक-प्राइड’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती.

या केंद्राची खरी परीक्षा ‘जीनोम इंडिया’ने सुरू झाली आहे. पुण्याच्या आयसरसह २० संस्थांनी मिळून सुमारे दहा हजार भारतीयांचा संपूर्ण जनुकीय क्रम लावला. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची घोषणा झाली.

आपली माहिती आपल्याकडे असणे का गरजेचे, याचे एक उदाहरण हृदयविकाराचे आहे. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ ‘अक्षरे’ गळालेली असतील, तर पुढे हृदय निकामी होण्याचा धोका बराच वाढतो. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवून दिले, की भारतीय उपखंडात शंभरातल्या सुमारे चार जणांत हा दोष असतो. युरोपीय लोकांत तो जवळपास आढळतच नाही. फक्त युरोपीय लोकांचे नमुने तपासत राहिलो असतो, तर तो कधीच सापडला नसता.

मात्र ‘खुले’ म्हणजे सताड उघडे नव्हे. विषाणूचा किंवा भाताच्या वाणाचा क्रम कुणीही पाहिला तरी बिघडत नाही. माणसाच्या जनुकांचे तसे नाही. नाव-पत्ता काढून टाकला तरी भागत नाही : वंशावळींच्या सार्वजनिक संकेतस्थळांशी तुलना करून निनावी दात्यांची ओळख पटवता येते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्येच सिद्ध केले. छोट्या जमातीतल्या किंवा एखाद्या पाड्यावरच्या दात्याला हा धोका अधिक. म्हणूनच जीनोम इंडियाची माहिती थेट डाउनलोड करता येत नाही. संशोधकाला अर्ज करावा लागतो आणि अटी पाळाव्या लागतात. शक्य तितके खुले, गरजेपुरते बंद, हे युरोपातले सूत्र इथेही लागू पडते.

इमारत आणि सर्व्हर हा या कामातला सोपा भाग आहे. राष्ट्रीय नियोजनाचा कस लागतो पुढच्या प्रश्नांवर. नमुना कधीचा, कोणत्या जिल्ह्यातला, रुग्णाचे वय किती, या नोंदी सगळीकडे एकाच पद्धतीने होणार का? त्या तपासून नीट लावणाऱ्या माणसांसाठी कायमची पदे असणार का? संशोधन प्रकल्पाला पैसे मिळतात तीन-पाच वर्षांसाठी, पण माहिती तीस वर्षे सांभाळायची असते. तो खर्च कुणाचा? आणि चांगली माहिती इतरांना खुली करणाऱ्या शास्त्रज्ञाला बढतीच्या वेळी त्याचे श्रेय मिळणार की फक्त शोधनिबंधच मोजले जाणार?

ऑस्ट्रेलियाने याची उत्तरे शोधण्यासाठी संशोधनाच्या पायाभूत सुविधांचा राष्ट्रीय आराखडा आखला. २००४ पासून चालत आलेल्या त्या कार्यक्रमाचा दर काही वर्षांनी फेरआढावा होतो. संशोधनाच्या माहितीसाठीची ‘ऑस्ट्रेलियन रिसर्च डेटा कॉमन्स’ ही संस्था त्याच कार्यक्रमाच्या निधीवर चालते. दुर्बीण किंवा संशोधन जहाजाप्रमाणेच माहितीचे कोठार हीदेखील देशाची पायाभूत सुविधा, असा त्यामागचा विचार आहे.

या साऱ्याची सुरुवात होते ती दवाखान्यात, रक्ताच्या एका नळीपासून. संशोधनासाठी नमुना मागितला गेला, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. माझी माहिती कुठे ठेवणार? ती कोण पाहू शकेल? आणि हा प्रकल्प संपल्यावर तिचे काय होणार? दात्याला या तिन्हींची सरळ उत्तरे मिळू लागली, की नियोजन कागदावरून दवाखान्यापर्यंत पोहोचले असे समजायला हरकत नाही.