खलबत, कारस्थान आणि साटेंलोटें

दोन माणसें आंतून एक होऊन तिसऱ्याला फसवूं लागलीं, म्हणजे इंग्रज बोलतांना तीं ‘इन कहूट्स’ आहेत असें म्हणतो. हा शब्द ग्रांथिक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो अमेरिकेच्या बोलींत आला, आणि प्रथम त्याचा अर्थ केवळ भागीदारी एवढाच होता. कोणी त्याचें मूळ ‘पथक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत शोधतात, तर कोणी झोंपडी या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत. पंडितांत एकमत नाहीं. मला झोंपडीची उपपत्ति अधिक मोहक वाटते, आणि त्याचें कारण मराठींत आहे.

आपला ‘खलबत’ शब्द अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत यापासून फारसीच्या द्वारें आला. रायगडावर खलबतखाना म्हणून एक तळघर आजहि दाखवितात. राज्य चालवावयाचें तर बंद दाराआड मसलत ही व्हावयाचीच. तेव्हां खलबतांत मुळीं दोष नव्हता. तो मागाहून चिकटला, आणि तोहि बहुधा दाराबाहेर राहिलेल्यांच्या संशयामुळें.

‘कारस्थान’ या शब्दासाठीं आपल्या पुण्याकडेच पाहावें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांना दोषी धरलें; तरी दादासाहेबच पेशवे झाले. ते मोहिमेवर असतां सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदि मंडळींनीं गुप्तपणें एकजूट केली, नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेलें, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं जन्मलेल्या सवाई माधवरावांना अवघ्या चाळीस दिवसांचे असतांना पेशवाईचीं वस्त्रें देवविलीं. अधिकारारूढ धन्याविरुद्ध कारभाऱ्यांनीं केलेला हा कटच होता. तरी आपले इतिहासकार ‘बारभाईंचें कारस्थान’ म्हणतात तें कौतुकानें! दादासाहेबांच्या गोटांत त्याला कोणता शब्द योजीत असतील, हें सांगावयास नको.

‘साटेंलोटें’ हा मात्र शुद्ध घरगुती शब्द. आपली मुलगी ज्या घरीं द्यावयाची, त्याच घरची आपल्या मुलास करून घ्यावयाची, अशा सोयरिकीचें हें नांव. आतां कंत्राटदार व अधिकारी यांच्या देवघेवीसहि तेंच लाभलें आहे.

राहिलें ‘संगनमत’, तें कोर्टकचेरीचें आणि वर्तमानपत्रांचें. १८६० च्या दंडविधानांत कटाविषयीं स्वतंत्र प्रकरण १९१३ सालीं घातलें गेलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें ६१ वें कलम त्याच्या जागीं आहे. गुन्हा करावयाचें दोघांनीं ठरविलें, एवढ्यानें कट सिद्ध होतो. पुढें तो गुन्हा प्रत्यक्ष घडावाच लागतो असें नाहीं.