हिरव्या कोटाचे भाव

1955 साली वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर पाच मिनिटांचा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तो करणारा जिम हेन्सन अठरा वर्षांचा होता. आईचा टाकून दिलेला कोट त्याने कापला, पिंगपाँगचा चेंडू मधोमध चिरून त्याचे डोळे लावले आणि हात घालून नाचवता येईल असा एक हिरवट प्राणी शिवला. त्याचं नाव कर्मिट. तो बेडूक आहे हे ठरायला आणखी काही वर्षं गेली. खर्च म्हणाल तर शून्यच.

हेन्सन या बाहुल्यांना मपेट म्हणायचा. 1969 मध्ये त्या घेऊन ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची मालिका आली, 1976 मध्ये ‘द मपेट शो’. या दुसऱ्या मालिकेचे भाग अवघे 120, पण ती शंभराहून अधिक देशांत पोचली. भरात असताना आठवड्याला साडेतेवीस कोटी प्रेक्षक असल्याचा अंदाज सांगितला जायचा. म्हणजे तेव्हाच्या भारताच्या लोकसंख्येच्या साधारण एक तृतीयांश.

आता भाव ऐका. 1989 च्या ऑगस्टमध्ये डिस्नेने हेन्सनची कंपनी घेण्याची बोलणी जाहीर केली. आकडा सुमारे 15 कोटी डॉलर. हेन्सनची एक अट मात्र होती : सेसमी स्ट्रीटमधल्या बाहुल्या सौद्यात नाहीत. त्या मुलांच्या शिक्षणासाठी होत्या आणि तिथेच राहायला हव्यात, यावर तो अडून बसला. कागद पुरे होण्याआधीच, 16 मे 1990 रोजी न्यूमोनियासारख्या दुखण्याने तो गेला. वय 53. डिसेंबरात सौदा मोडला आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. अखेर तडजोड झाली आणि फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये मपेटचा त्रिमिती खेळ सुरू झाला. त्याचं बरंचसं काम हेन्सनने स्वतः केलेलं होतं. पुढची तब्बल तेरा वर्षं डिस्ने आपल्याच पार्कात हा खेळ दाखवत होती, तो दुसऱ्याच्या परवान्यावर!

2000 साली जर्मनीतली ‘ईएम टीव्ही’ नावाची कंपनी पुढे आली. तिचा शेअर आकाशाला भिडला होता. त्याच वर्षी तिने फॉर्म्युला वन शर्यतींच्या कंपनीतला मोठा वाटा उचलला, यावरून तिचा नूर लक्षात यावा. हेन्सन कंपनीसाठी तिने मोजले 68 कोटी डॉलर, तेव्हाच्या दराने जवळजवळ तीन हजार कोटी रुपये. त्यातली मोठी रक्कम रोख नव्हती, स्वतःच्या शेअरमध्ये दिलेली होती. वर्ष सरायच्या आत तो शेअर गडगडला. पैसा उभा करायला तिने सेसमी स्ट्रीटच्या बाहुल्या ती मालिका करणाऱ्या सेसमी वर्कशॉप या ना-नफा संस्थेला सुमारे 18 कोटी डॉलरना विकल्या. हेन्सनने डिस्नेला जे नाकारलं होतं, ते असं दहा वर्षांनी त्याला हव्या त्याच घरी पोचलं, तेही एका बुडत्या कंपनीच्या गरजेमुळे. (2006 मध्ये आपल्याकडे ‘गल्ली गल्ली सिम सिम’मधून चमकी आली, ती याच घरातली.)

आणखी काही तुकडे विकून झाल्यावर उरलेली कंपनी 2003 मध्ये कोणी घेतली? हेन्सनच्याच मुलांनी. सुमारे 8.4 कोटी डॉलरना. वडिलांची कंपनी तीन वर्षांपूर्वी 68 कोटींना विकून, उरलेला भाग त्याच्या आठव्या हिश्शाला परत! व्यापाराच्या पुस्तकात हा धडा असेल तर तो मला आवडतो. पुढच्याच वर्षी त्यांनी मपेट शोमधली कर्मिट, मिस पिगी आणि मंडळी अखेर डिस्नेला दिली. ‘फ्रॅगल रॉक’ ही मालिका आणि ‘द डार्क क्रिस्टल’ हा चित्रपट मात्र घरीच ठेवले.

म्हणजे एकाच कारखान्यातल्या बाहुल्यांचे आता तीन मालक. पण बाहुली काही स्वतः बोलत नाही, तिच्या आत कुणाचा तरी हात असतो. मिस पिगीला पहिली पंचवीसेक वर्षं आवाज आणि हात होते फ्रँक ऑझचे. सेसमी स्ट्रीटवरच्या बर्टलाही त्याचेच, कुकी मॉन्स्टरलाही त्याचेच. कर्मिटमध्ये हेन्सनचा हात होता, तसाच बर्टचा दोस्त अर्नीमध्येही. कागदावर त्यातली पिगी आणि कर्मिट डिस्नेकडे गेले. बर्ट, अर्नी आणि कुकी मॉन्स्टर सेसमी वर्कशॉपकडे. कर्मिट तर सेसमी स्ट्रीटच्या पहिल्या वर्षापासून तिथे होता, पुढे तो रेनकोट आणि टोपी घालून वार्तांकन करणारा बातमीदार झाला. आता त्या रस्त्यावर पाऊल टाकायचं तर आधी दोन्ही घरांत बोलणी व्हायला हवीत. 2019 मध्ये, पन्नाशीच्या सोहळ्यात, ती जमली.

1987 च्या नाताळात अमेरिकेत ‘अ मपेट फॅमिली ख्रिसमस’ हा तासाभराचा कार्यक्रम झाला. त्यात मपेट शोची मंडळी, सेसमी स्ट्रीटची मंडळी आणि फ्रॅगल, सगळे एका शेतघरात बर्फात अडकून पडतात. तेव्हा या बाहुल्या एकाच घरच्या होत्या, म्हणून हे जमवणं सोपं होतं. आज तो पूर्ण स्वरूपात बाजारात आणायचा तर तीन मालकांच्या सह्या हव्यात, आणि त्यावर गाण्यांच्या हक्कदारांची परवानगी वेगळी. नंतर निघालेल्या डीव्हीडीत काही गाणी कापली गेली ती याच दुसऱ्या कारणाने.