समुपदेशन : कोणास कोणते?

जरीपटक्यातील आमच्या चिकित्सालयात निद्रानाश, अम्लपित्त, हृद्द्रव या तक्रारींमागे पुष्कळदा घरातील ताण आढळतो. तेथे केवळ औषध पालटून भागत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात त्रिविध औषधांमध्ये सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, सांगितला आहे. समुपदेशनाची योजना त्याच दृष्टीने करावी.

शोक, भय, व्यसन यांत वैयक्तिक समुपदेशन उपयुक्त ठरते. पती-पत्नींच्या विसंवादात दांपत्य समुपदेशन. आणि मुलांचे वर्तन, वृद्धांची शुश्रूषा, एकत्र कुटुंबातील कलह यांत कौटुंबिक समुपदेशन. मात्र घरात मारहाण होत असल्यास दोघांना समोरासमोर बसवू नये. प्रथम पीडितेशी एकांतात बोलून तिची सुरक्षितता पाहावी. वाद न्यायालयात गेल्यास कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे.

आत्महत्येचे विचार वा उन्मादाची लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व निःशुल्क उपलब्ध आहे. झोपेचे औषध वारंवार मागणाऱ्या ग्राहकास औषधी विक्रेत्यांनी नुसती बाटली न देता हा क्रमांकही लिहून द्यावा.