जन्मतारखेची चूक आणि तिची दुरुस्ती

महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांत मे महिन्याची अखेर आली कीं निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, त्यानें आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीं निवृत्त व्हावें असा नियम आहे. आणि १ जून रोजीं जन्मलेल्यांची संख्या, निदान कागदोपत्रीं तरी, अपार आहे. निसर्गाला या तारखेचें विशेष प्रेम असण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. प्रेम होतें तें शाळामास्तरांना. जूनमध्यें शाळा उघडे. बाप किंवा आजा मुलाला हातीं धरून आणी. जन्म केव्हांचा, असें विचारलें तर ‘पानशेत फुटलें तेव्हां रांगत होता’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळांतला’ अशीं उत्तरें मिळत. पहिल्यावरून १९६१ सालच्या पुराच्या मागेंपुढें, दुसऱ्यावरून १९७२ च्या आसपास, एवढेंच समजे. मग मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोंचतो कीं नाहीं हें पाहत आणि पहिल्या इयत्तेला शोभेल असें साल धरून १ जून लिहून मोकळे होत.

सुशिक्षित घरांतून जन्माचें टिपण बहुधा ठेवलेलें असे. पण तें पंचांगाच्या भाषेंत. तेथून इंग्रजी तारीख काढतांना दोन ठिकाणीं पाय घसरतो. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, हें सर्वांना ठाऊक असतें. परंतु इसवी साल पौषाच्या सुमारास बदलतें आणि शक मात्र फाल्गुनअखेरपर्यंत जुनाच राहतो. म्हणून शके १८८० च्या माघांत जन्मलेली मुलगी १९५८ ची नव्हे, तर १९५९ ची. तेथें ७९ मिळविण्याचें ज्याला सुचलें नाहीं, त्यानें तिला एका वर्षानें मोठें केलें. दुसरी चूक वाराची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. मंगळवारच्या रात्रीं दोन वाजतां झालेलें मूल घरच्या मतें मंगळवारचें, इस्पितळाच्या मतें बुधवारचें. फरक एका दिवसाचाच; पण २ तारखेच्या ऐवजीं १ तारीख पडली, तर निवृत्तीच्या वेळीं सेवेचा अख्खा महिना जातो.

शाळेंतील नोंद शालान्त प्रमाणपत्रावर जाते, तेथून सेवापुस्तकांत, पारपत्रांत आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांत. वाटेंत दोन तारखा झाल्या तर काय होतें, याचें उदाहरण मोठ्या माणसाचेंच आहे. माजी लष्करप्रमुख जनरल विजयकुमार सिंग यांचा जन्म पुण्याच्या लष्करी रुग्णालयांतला. शालान्त प्रमाणपत्रावर १० मे १९५१ ही तारीख होती. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशअर्जावर १९५० हें साल पडलें. लष्कराच्याच दोन शाखांनीं दोन वेगळीं सालें वर्षानुवर्षें जतन केलीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. न्यायालयाचा कल पाहून १० फेब्रुवारी २०१२ रोजीं त्यांनीं अर्ज मागें घेतला, आणि १९५० हेंच साल धरून त्याच वर्षीं ते निवृत्त झाले. तेहि ३१ मे रोजींच.

उपाय सोपा असतो तो मूल शाळेंत आहे तोंवर. शाळेचें जनरल रजिस्टर हें मूळ. दाखला ही त्याची नक्कल. दाखल्यावर खाडाखोड करून कांहींच साधत नाहीं, उलट संशय मात्र ओढवतो. बदलावी लागते ती मूळ नोंद, आणि ती मुख्याध्यापकालाहि आपल्या मुखत्यारींत बदलतां येत नाहीं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणें पालकानें जन्मदाखला जोडून शाळेकडे अर्ज करावा, शाळेनें तो शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवावा, आणि मंजुरी आल्यावरच नोंद दुरुस्त व्हावी. नुसतें प्रतिज्ञापत्र पुरत नाहीं. राजपत्रांत छापून आणलें कीं काम झालें, ही समजूतहि फोल आहे. राजपत्र बदल जाहीर करतें, त्याच्या खरेपणाची हमी घेत नाहीं. जन्मदाखलाच चुकीचा असेल तर आधीं तो सुधारला पाहिजे. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याच्या कलम १५ अन्वयें निबंधक मूळ अक्षरें न खोडतां समासांत दुरुस्ती करतो.

शाळा सोडल्यावर मात्र दार बरेंच लोटलें जातें. उघड उघड लेखनदोष असेल, म्हणजे जन्मदाखल्यावर १३ आणि रजिस्टरांत ३१, तर अर्जाला वाव असतो. एरवीं बहुधा न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेथें शाळेची नोंद ब्रह्मवाक्य मानली जात नाहीं. ती कशाच्या आधारें केली हें सिद्ध झाल्याखेरीज तिला फारसें वजन नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ मध्यें बिरदमल सिंघवी खटल्यांत म्हटलें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांविषयीं जिग्या यादव प्रकरणीं ३ जून २०२१ रोजीं झालेल्या निकालानेंहि जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक दस्तऐवजाचें महत्त्व मानलें आहे.

नोकरींत शिरल्यावर तर कालमर्यादाच आहे. राज्य सरकारच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणें पांच वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. केंद्राचीहि मुदत तेवढीच. निवृत्ति तोंडावर आल्यावर सुचलेली जन्मतारीख न्यायालयें ऐकून घेत नाहींत, हें १९९३ च्या हरनाम सिंग खटल्यापासून ठरलेलेंच आहे. ही कठोरता निष्कारण नव्हे. वरचा एक वर्ष अधिक बसला, तर खालच्या कित्येकांची बढती अडते. पण ज्याच्या बापाला वाचतां येत नव्हतें, त्याला ही चूक पांच वर्षांत उमजेलच असें नाहीं, आणि त्याचें उत्तर नियमांत सांपडत नाहीं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशासाठीं जन्मदाखला हाच पुरावा धरला जाईल; तिथींचें गणित आणि हात कानाला लावणें त्यांच्या वाट्याला येणार नाहीं. त्याआधींच्या मुलांच्या आईबापांना एक संधि दहावीच्या वर्षीं मिळते. परीक्षेपूर्वीं मंडळाकडून उमेदवारांची प्राथमिक यादी शाळेंत तपासणीसाठीं येते. तींतील तारीख घरच्या जन्मदाखल्याशीं ताडून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात.