दोन काचांच्या मध्ये पाणी येतं कुठून?

दुहेरी काचेची खिडकी घरात बसवलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: काच कितीही पुसली तरी धूसरच दिसते, आता काय करायचं? रामदासपेठेत जुने बंगले जाऊन ज्या इमारती आल्या, त्यांपैकी काहींत यूपीव्हीसीच्या चौकटी आणि दुहेरी काचा आहेत. वर्धा रोडचा आवाज आणि मे महिन्यातलं ऊन, एवढी कारणं पुरेशी आहेत. या खिडक्या आता सात-आठ वर्षांच्या झाल्या. बसवणाऱ्याला बोलावलं की तो दोनपैकी एक उत्तर देतो. एक, सगळ्या बदला. दोन, काचेला बारीक छिद्र पाडून आतून वाळवून देतो. दोन्ही उत्तरं निदान होण्याच्या आधीच दिलेली असतात, आणि पैसे मात्र खरे जातात.

माझं पीएचडीचं काम झिओलाइटवर आहे आणि हा पदार्थ प्रत्येक चांगल्या दुहेरी काचेच्या कडेत दडलेला असतो, म्हणून मी या विषयात शिरले. पण पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठीही ही खिडकी सरावाला फार छान आहे. प्रणाली छोटी, चलं मोजकी, आणि प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं!

पहिला प्रश्न: धुकं नेमकं कोणत्या पृष्ठभागावर आहे? दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग. बाहेरून मोजत या: रस्त्याकडचा १, पोकळीतले २ आणि ३, खोलीतला ४. बोट फिरवून पुसलं गेलं तर धुकं १ किंवा ४ वर आहे आणि खिडकीत बिघाड नाही. दोन्हीकडून पुसूनही गेलं नाही तर ते २ किंवा ३ वर, म्हणजे बंद पोकळीत आहे. बिघाड फक्त हा.

इथे परदेशी व्हिडिओ बघून गोंधळ होतो. थंड देशांत हिवाळ्यात खोलीत दमट, गरम हवा असते आणि काच थंड, म्हणून दव ४ वर येतं. नागपुरात जुलै-ऑगस्टच्या रात्री नेमकं उलटं होतं. बाहेर २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंश. आत एसी चालू असेल तर बाहेरची काच जेमतेम दोन अंशांनी थंड व्हायचा अवकाश, की १ नंबरवर दव धरतं. सकाळी ऊन आलं की ते जातं. त्यासाठी कोणाला बोलवायचं काम नाही. दुसऱ्याचा निष्कर्ष उचलताना त्याच्या सीमाअटी सोबत उचलायच्या असतात, हे आपण वर्गात पाठ करतो. खिडकीवर ते डोळ्यांनी दिसतं.

आता पोकळीकडे. दोन काचांच्या कडेने अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइल रबराचा काळा पातळ थर. वाफ अडवण्याचं मुख्य काम त्याचं. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर, तो सगळं धरून ठेवतो. पट्टीच्या पोटात बारीक मणी भरलेले असतात आणि आतल्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून ते पोकळीतली वाफ शोषतात. हे मणी म्हणजे ३ए जातीचा झिओलाइट. त्याची दारं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत जातो, नायट्रोजनचा जात नाही. साधी सिलिका जेल का भरत नाहीत? कारण तापमान बदललं की ती नायट्रोजनही घेते-सोडते, पोकळीतला दाब खालीवर होतो आणि काचा उगाच आत-बाहेर वाकतात. ३ए फक्त पाणी पकडतो आणि घट्ट पकडतो. इतकं घट्ट, की ते परत काढायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. केसांच्या ड्रायरने काच तापवून धुकं गेल्यासारखं दिसतं खरं, पण मणी होते तसेच ओले राहतात.

मग मणी संपतात कसे? एक ढोबळ अंदाज करून बघू, कागद-पेन घ्या. एक चौरस मीटर काच, १२ मिलिमीटर पोकळी, म्हणजे १२ लिटर हवा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं, म्हणून या १२ लिटरमध्ये जास्तीत जास्त ०.३६ ग्रॅम. मणी १०० ग्रॅम भरलेत असं धरू. ते आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी घेतात, म्हणजे २० ग्रॅम. सुरुवातीच्या हवेतल्या पाण्याच्या पन्नासपट! म्हणजे कारखान्यात आत अडकलेला दमटपणा हे कारण असू शकत नाही. पाणी नंतर बाहेरून आलंय.

कसं आलं? पोकळी दिवसा तापते, रात्री निवते. २५ वरून ४५ अंशांवर गेली तर हवा जवळपास सात टक्के फुगते: १२ लिटरचे ०.८ लिटर. कडेला चीर असेल तर दिवसा एवढी हवा बाहेर जाते आणि रात्री तेवढीच आत ओढली जाते. पावसाळ्यातल्या हवेत लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम पाणी, म्हणजे रात्रीला ०.०२ ग्रॅम. वीस ग्रॅमची क्षमता भरायला हजार रात्री. पावसाळा १२० दिवसांचा धरला तर आठ पावसाळे. हा अंदाज कच्चा आहे. काचा थोड्या वाकतात, त्यामुळे हवा कमीच आत-बाहेर होते, आणि रबरातून थेट झिरपणारी वाफ मी धरलेलीच नाही. पण दोन गोष्टी त्यातून निघतात. पहिल्याच पावसाळ्यात धुकं आलं तर मणी भरलेच नव्हते किंवा कडा नीट बंद केली नव्हती. असे जोड स्वस्तात मिळतात: दोन काचा, मध्ये पट्टी, वरून सिलिकॉन, झालं. तिथे वॉरंटीसाठी भांडायला हरकत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चिरेपाशी हवेऐवजी पाणीच साचलेलं असेल तर? रात्री निवणारी पोकळी पाणी ओढते. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅम, म्हणजे अडीच रात्रींच्या हवेएवढा. रोज एक थेंब आत गेला तर मणी चारशे दिवसांत संपतात. शिवाय सतत पाण्यात बसलेला सीलंट काचेवरची पकड हळूहळू सोडतो, म्हणजे चीरही पाणीच तयार करतं.

म्हणून चौकटीत पाणी का साचतं, हे बघायला हवं. खिडकीच्या खालच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला दोन-तीन आडवी छिद्रं असतात. पावसाचं पाणी रबराच्या फटीतून चौकटीत थोडंफार येणारच, ते या छिद्रांतून बाहेर जावं अशी रचना असते. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, बांधकामाची भुकटी, मग पहिल्या पावसात तिचा चिखल, आणि छिद्रं बुजली. वरून कोणीतरी मुंग्या येतात म्हणून सिलिकॉन भरतं. खिडकीत लावलेल्या कूलरचं पाणी चौकटीवर ठिबकत असेल तर उन्हाळ्यातही सुट्टी नाही.

शेजारच्या इमारतीत तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या काकूंच्या आठ खिडक्यांपैकी तीन धूसर झाल्या होत्या. "पुसून राहिली मी दोन महिन्यांपासून, पण जाऊनच नाही राहिलं," असं त्यांचं म्हणणं. बसवणाऱ्याने आठही बदलायला सांगितल्या होत्या. आम्ही आठ खिडक्यांचा तक्ता केला: दिशा, छज्जा आहे की नाही, छिद्रं मोकळी की बंद, धुकं आहे की नाही. काकूंना वाटत होतं पश्चिमेचं ऊन कारण आहे. पश्चिमेच्या चारपैकी दोनच धूसर होत्या आणि तिसरी पूर्वेची. रंगकाम करणाऱ्याने चार खिडक्यांची छिद्रं सिलिकॉनने बुजवली होती. तिन्ही धूसर खिडक्या त्या चारांतल्या. चौथी मात्र स्वच्छ. तिच्यावर खोल छज्जा आहे, पाऊस पोहोचतच नाही. आठ नमुन्यांवर सिद्धता होत नाही, हे तुमचा गाइड सांगेलच. पण "सगळ्या बदला" याला या तक्त्यात काहीही आधार नव्हता.

स्वच्छ दिसणाऱ्या काचेतले मणी संपत आलेत का, हे कळायची एक घरगुती चाचणी आहे. पहाटे, काचेवर ऊन नसताना, फ्रिजमधल्या थंड पाण्याची प्लॅस्टिक पिशवी खोलीच्या बाजूने काचेच्या मधोमध दहा मिनिटं धरायची. मग काच पुसून बघायचं. पिशवीच्या आकाराचा डाग पुसला गेला तर तो खोलीतल्या हवेचा. न पुसता राहिला तर पोकळीतला. बर्फ लावू नका, तापलेल्या काचेवर तर अजिबात नाही. एकाच जागी फार थंडी दिली तर काच तडकू शकते. प्रयोगशाळेत पोकळीचा दवबिंदू याच तत्त्वावर, पण कितीतरी जास्त थंड करून तपासतात.

सोबत आर्द्रतामापक ठेवत असाल तर निदान दोन ठेवा. ३० मे २०२४ ला आपल्याच भागातल्या, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं होतं. बातमी देशभर गेली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की संवेदक बिघडला होता. हवामान खात्याचं उपकरण चुकतं तर आपलं ऑनलाइन मागवलेलं का चुकणार नाही?

दुरुस्तीचं आता थोडक्यात सांगते, कारण निदान झालं की ती बहुधा लहानच निघते. छिद्रं मोकळी करायला बारीक तार आणि कप पाणी पुरतं. आतून चौकटीत पाणी ओता, बाहेर आलं पाहिजे. रबर गॅस्केट कोपऱ्यांत आखडलं असेल तर तेवढंच नवीन घालता येतं. सरकती खिडकी जड झाली तर रुळात ग्रीस घालू नका, ते धूळ धरतं. रूळ साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा.

धूसर झालेला जोड मात्र बदलावाच लागतो, पण फक्त काचेचा. चौकट तीच राहते. बीडिंग काढून जुना जोड बाहेर येतो, मापाचा नवा बसतो. ५ मिलिमीटरच्या दोन काचांचा एक चौरस मीटर जोड २५ किलोचा असतो, तेव्हा माळ्यावर हे काम स्वतः करू नका. फक्त उभं राहून एक गोष्ट बघा: काचेखाली प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे असतात, ते काचेची कड चौकटीतल्या पाण्यापासून वर ठेवतात. घाईत ते केराच्या टोपलीत जातात, आणि नवी काच पहिल्या दिवसापासून पाण्यात बसते. नव्या जोडाच्या स्पेसरवर बनावटीची तारीख असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

छिद्र पाडून वाळवण्याबद्दल मी साशंक आहे. धुकं काही काळ जातं, पण मणी ओलेच राहतात आणि पोकळी आता उघडपणे बाहेरच्या हवेला जोडलेली असते. काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा शिक्का असेल तर छिद्र पाडताच येत नाही, पूर्ण काच फुटून चुरा होतो. आणि ओल फार दिवस राहिली असेल तर आतल्या बाजूने काचेवरच पांढुरके डाग बसतात. ते वाळवूनही जात नाहीत.

"डबल काच असूनही तापतं" ही तक्रार वेगळी आहे आणि तिचा धुक्याशी संबंध नाही. बाहेर ४५, आत २७ असताना साध्या काचेतून चौरस मीटरला सुमारे १०४ वॅट उष्णता येते, दुहेरीतून ५०. वाचले ५४. पण पश्चिमेच्या काचेवर दुपारी ५०० वॅट ऊन पडत असेल तर साधी स्वच्छ काच त्यातलं ४१० आत सोडते आणि दुहेरी स्वच्छ काच ३५०. खरी लढाई उन्हाशी आहे, आणि ते बाहेरच अडवावं लागतं: बांबूची चिक, हिरवी जाळी, वाळ्याची ताटी. आतून गडद फिल्म चिकटवली तर काच स्वतः तापते. साधी काच मग कडेपासून तडकू शकते, आणि तडा कडेशी काटकोनात सुरू झालेला दिसला तर कारण उष्णता समजावं, दगड नाही.

काकूंनी तीन जोड बदलले, पाच खिडक्या तशाच ठेवल्या आणि चारही चौकटींतलं सिलिकॉन खरवडून काढलं. छज्ज्याखालच्या चौथ्या खिडकीवर पिशवीची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. मे, जून, जुलै, तिन्ही वेळा डाग पुसला गेला.